सेलेरचा पाव



सकाळी चहात बुडवून आपण जो पाव खातो, त्याचे नाव पोर्तुगीजांकडून आले आणि पोर्तुगीजांना ते रोमन लोकांच्या ‘पानिस’ या शब्दावरून मिळाले. त्या पानिसचा एक नमुना आजही शाबूत आहे. इ.स. 79 मध्ये इटलीत व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा स्फोट होऊन पॉम्पेई आणि हर्क्युलेनियम ही गावे गाडली गेली. हर्क्युलेनियमला एक पाव सापडला, कोळसा झालेला पण आकार जसाच्या तसा. गोल, वरून आठ फाकी पाडलेला. त्यावर शिक्का आहे : ‘सेलेरचा, क्विंटस ग्रॅनियस व्हेरस याच्या गुलामाचा.’

एकाच भट्टीत अनेक घरचे पाव भाजले जात, म्हणून ओळखीसाठी शिक्का मारत, असे अभ्यासक म्हणतात. मालकाचे नाव त्यात येणारच. पण आधी गुलामाचे आले आहे, हे मला फार मोलाचे वाटते. इतर पाव करणाऱ्यांची नावे कुठे उरली? पॉम्पेईत 2023 साली एक बेकरी उकरून निघाली. बाहेर जायला दार नाही, खिडक्या लहान, उंचावर, त्यांना लोखंडी गज. गुलाम आणि गाढवे तिथे कोंडलेली असत. जाते ओढताना जनावरांचे पाय चुकू नयेत म्हणून फरशीत खाचा कोरलेल्या होत्या. दळणारे आणि मळणारे हात कोणाचे, ते कोणी लिहून ठेवले नाही.

तर तो पाव घरी करून पाहू. रोमन लोकांचा जुना गहू म्हणजे आपली खपली, पण नुसत्या खपलीचा पाव नीट फुगत नाही. पाव किलो पीठ घ्या, निम्मी कणीक, निम्मा मैदा. अर्धा छोटा चमचा सुके यीस्ट, तेवढेच मीठ, पाऊण पेला कोमट पाणी. पाणी गरम घेऊ नका, यीस्ट मरते. पहिल्या रविवारी मी तेच केले, आणि पाव असे झाले की घरच्यांनी पाटा-वरवंट्याची आठवण काढली. दहा मिनिटे जोर लावून मळा, झाकून ठेवा. दुप्पट झाले की चार गोळे करा, वरून सुरीने चरे पाडून आठ फाकी दाखवा, पुन्हा अर्धा तास झाकून ठेवा.

भट्टी नको. कुकरची शिटी व रबर काढा, तळाला जाड मीठ घाला, वर जाळी ठेवून दहा मिनिटे तापवा. तेल लावलेल्या थाळीत गोळे ठेवून मंद आचेवर अर्धा तास भाजा. वरून रंग कमीच येतो; शेवटी उलटे करून पाच मिनिटे ठेवा. गरम असताना कापू नका, आत चिकट राहतो. आमच्याकडे झुणक्याबरोबर संपले.

मीठ फेकू नका. डब्यात भरून ठेवा, पुढच्या वेळी तेच चालते.