बैठक : शिक्षेची आणि बलाची

चाळिशी ओलांडलेला, कचेरीत अगर दुकानाच्या गादीवर बसून दिवस काढणारा, रक्तातील साखरेचा पहिला अहवाल हाती पडल्यावर डॉक्टरांच्या आज्ञेने व्यायामशाळेची पायरी चढणारा गृहस्थ दुसऱ्या आठवड्यात दिसेनासा होतो आणि हजेरीपटावर त्याच्या नावापुढचे रकाने कोरे राहतात, ही तक्रार धरणगाव, एरंडोल, अमळनेर या पट्ट्यात व्यायामशाळा चालविणारे आमचे वाचक वारंवार करतात. तिचा निकालही ते स्वतःच देतात : मंडळी आळशी आहेत, शरीराला कष्टाची सवय उरलेली नाही, आणि पूर्वीची पिढी निराळी होती. हा निकाल आम्हांस मान्य नाही. आळशी मनुष्य व्यायामशाळेत मुळी येतच नाही. जो आला, ज्याने नाव नोंदविले, महिन्याची फी आगाऊ भरली, आणि तरीही जो आठवडाभरात निघून गेला, त्याच्या जाण्याचे कारण आळसापेक्षा खोल असले पाहिजे, आणि ते शोधणे हे व्यवसायाने व्यायाम शिकविणाऱ्याचे कर्तव्य आहे.

आमच्या मते ते कारण पुष्कळदा त्याच्या शाळेच्या मैदानावर सापडते. आज चाळीस ते साठ वर्षे वयाच्या ज्या पिढीला आपण बलसंवर्धनाकडे बोलावीत आहोत, त्या पिढीतील असंख्यांची व्यायामाशी पहिली ओळख शिक्षा म्हणून झाली. गृहपाठ आणला नाही, काढा उठाबशा. वर्गात बोललास, धर अंगठे. कवायतीत एकाचा पाय चुकला, साऱ्या रांगेने मैदानाला पाच फेऱ्या माराव्यात. जो मुलगा स्थूल होता, त्याला धावताना पाहून हसण्याचा परवाना साऱ्या वर्गाला, आणि क्वचित खुद्द मास्तरांनाही, मिळालेला असे. जो कृश होता, तो कबड्डीचे गडी निवडताना शेवटपर्यंत उभा राही. आणि जी मुलगी वयात येऊ लागली होती, ती पी.टी.च्या तासाला पोटदुखीचे निमित्त शोधी. आता लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, या शिक्षांमधील शारीरिक क्रिया आणि बलसंवर्धनाच्या मूलभूत क्रिया यांत फारसा भेद नाही. कान धरून काढलेली उठाबशी आणि तालमीतील बैठक यांत गुडघ्यांचे, नितंबांचे आणि मांड्यांचे काम जवळजवळ सारखेच होते. निराळी असते ती पाहणाऱ्यांची नजर आणि करणाऱ्याची संमती. म्हणून पंचेचाळीस वर्षांच्या गृहस्थाला पहिल्याच दिवशी चारचौघांत खणखणीत आवाजात ‘मारा वीस बैठका’ असे फर्मावले आणि त्याच्या प्रत्येक बैठकेची मोठ्याने मोजणी सुरू केली, म्हणजे शिक्षकाच्या मनात व्यायाम असला तरी त्या गृहस्थाच्या मनात पुन्हा पाचवीचा वर्ग उभा राहतो. तो विरोध करीत नाही, कैफियत देत नाही. दुसऱ्या दिवशी येत नाही, इतकेच.

हे केवळ अनुमान नव्हे. अमेरिकेतील आयोवा स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत एक हजाराहून अधिक प्रौढांना शाळेतील शारीरिक शिक्षणाच्या तासाची सर्वांत चांगली व सर्वांत वाईट आठवण विचारली होती. वाईट आठवणींत अग्रस्थान मिळाले ते फजितीला. दुखापतीपेक्षाही तिचे प्रमाण अधिक होते. ज्यांच्या आठवणी कडू होत्या, ते मोठेपणी बसून अधिक वेळ घालवीत असल्याचेही त्या पाहणीत आढळले. एका पाहणीने कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, आणि आयोवा म्हणजे खानदेश नव्हे, हे आम्ही जाणतो. तथापि जेथे उठाबशी हीच शिक्षेची राजमुद्रा होती, तेथे हा संबंध अधिक सैल असेल असे मानण्यास आधार दिसत नाही.

धरणगावच्या वाचकांना या संदर्भात त्यांच्याच गावचा एक इतिहास स्मरण करून द्यावासा वाटतो. १८१८ मध्ये खानदेश कंपनी सरकारच्या अंमलाखाली आल्यावर सातपुड्यातील आणि अजिंठ्याच्या डोंगरातील भिल्लांना लष्करी मोहिमांनी नमविण्याचे प्रयत्न फसले, आणि १८२५ मध्ये जेम्स औट्रम या अवघ्या बावीस वर्षांच्या अधिकाऱ्याकडे भिल्लांचीच पलटण उभारण्याचे काम सोपविण्यात आले. तिचे ठाणे धरणगावी होते. सरकारचा हेतू मुलूख ताब्यात ठेवण्याचा होता, त्यात परोपकार शोधण्याचे कारण नाही, आणि आमचा तसा आग्रहही नाही. परंतु कवायत शिकविणाऱ्याने पाहण्यासारखा आहे तो कामाचा क्रम. औट्रमने हुकूम काढून भरती केली नाही. तो पहाऱ्यावाचून त्यांच्या रानात राहिला, त्यांच्यासोबत शिकारीला गेला, आणि इतके करून प्रारंभी त्याच्याबरोबर यावयास सिद्ध झाले ते पाच जण. कवायत आली ती त्यानंतर. ज्यांच्या बाबतीत सत्ता, शस्त्र आणि शिक्षा ही तिन्ही साधने हाताशी होती, त्यांच्याही बाबतीत प्रथम विश्वास संपादावा लागला. मग ज्याच्यावर आपली कोणतीही सत्ता चालत नाही, जो स्वतःचे पैसे देऊन आला आहे आणि उद्या न येण्यास सर्वस्वी मुखत्यार आहे, त्याच्यापुढे हुकमाची भाषा कशी टिकावी?

यावर जुन्या तालमीतील आमचे काही स्नेही म्हणतील की, वस्तादाच्या धाकावाचून पठ्ठा तयार होत नाही. या आक्षेपात तथ्य नाही असे नाही. परंतु तालमीत येणारा पोर आपल्या किंवा घराच्या हौसेने येई. त्याला मातीत नाव काढावयाचे असे. आणि वस्ताद कठोर असला तरी त्याची नजर एकेका पठ्ठ्यावर असे, कोणाला किती जोर, किती खुराक, कोणाला आज मेहनत माफ, हे तो ठरवी. शाळेच्या कवायतीने तालमीचा धाक तेवढा उचलला आणि ती नजर मात्र सोडून दिली. साठ मुलांना एकच माप लावले. शिवाय धाकाने घडलेल्यांचीच छायाचित्रे व्यायामशाळेच्या भिंतीवर लागतात. धाकाने कायमचे दुरावलेल्यांची मोजदाद कोणत्याही दप्तरात नसते. आज आपल्या दारी येत आहेत ते त्या न मोजलेल्यांपैकी आहेत.

एकेकाला त्याच्या शक्तीप्रमाणे माप देण्याचे तत्त्व आपल्याला नवे नाही. सुश्रुताने आणि वाग्भटाने व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा असे सांगितले, आणि ती मर्यादा ओळखण्यासाठी कपाळ, नाक आणि सांधे यांवर फुटणारा घाम, तोंडाला पडणारी कोरड अशी लक्षणेही आयुर्वेदाच्या ग्रंथांत दिलेली आहेत. १९४५ मध्ये थॉमस डीलॉर्म या अमेरिकन डॉक्टराने जायबंदी सैनिकांच्या गुडघ्यांसाठी क्रमाक्रमाने वाढणाऱ्या भाराची पद्धत प्रसिद्ध केली, आणि पुढे तिला जे सुटसुटीत रूप आले, त्यात मनुष्य जेमतेम दहा वेळा उचलू शकेल अशा वजनाच्या निम्म्याने पहिली फेरी, पाऊणपटीने दुसरी आणि पूर्ण वजनाने तिसरी असा क्रम होता. सांप्रत नवशिक्याला ‘आणखी दोन-तीन वेळा सहज करता येईल तेथे थांब’ असे सांगितले जाते, त्याचाही आशय शक्तीची शिल्लक राखण्याचाच आहे. प्राचीन वैद्यक आणि अर्वाचीन रुग्णालय यांची परिभाषा भिन्न आहे, आणि त्यांना एकच ठरविण्याचा अट्टाहास व्यर्थ होय. तथापि पहिल्याच दिवशी माणसाला थकवून लोळविणे हे दोघांपैकी एकाच्याही शास्त्रात बसत नाही. या दोहोंचा मेळ घालू पाहणारे एक गृहस्थ आपल्या शेजारीच होऊन गेले आहेत. बडोद्यास राजरत्न माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाममंदिरात शरीर कमावलेले जगन्नाथ गणेश गुणे यांनी अमळनेरच्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्यपद सांभाळले, आणि पुढे स्वामी कुवलयानंद या नावाने १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून आसन-प्राणायामांना प्रयोगशाळेतील मोजमापाच्या कसोटीवर घासून पाहिले. परंपरेचा अभिमान आणि मोजण्याची सवय ही एका माणसात नांदू शकतात, याचा दाखला खानदेशाला बाहेरून आणावा लागत नाही.

म्हणून पहिल्या महिन्याची तजवीज कशी असावी, ते आता सांगतो. पहिल्या भेटीत वजनकाटा दाखवू नये, पोटाचा घेर चारचौघांत मोजू नये. बाजूला बसवून रक्तदाब, मधुमेह, छातीतील कळ, हर्निया, जुनी दुखापत यांची चौकशी करावी, जरूर तेथे डॉक्टरांचा सल्ला मागावा, आणि त्याच ओघात शाळेत असताना खेळाचा, पी.टी.चा अनुभव कसा होता हेही विचारावे. गावात ज्याला आबा, अण्णा किंवा नाना म्हणतात, त्याला व्यायामशाळेतही त्याच नावाने हाक मारावी. ‘ए जाड्या’ ही हाक थट्टेनेही नको. जी क्रिया शिक्षेची आठवण देते, ती निराळ्या वेषात आणावी : बैठकेऐवजी खुर्चीवर बसणे व हात न टेकता उठणे, जोरांऐवजी प्रथम भिंतीवर व नंतर टेबलाच्या कडेवर हात रोवून दंड वाकविणे, आणि दोन्ही हातांत बेताचे ओझे घेऊन ताठ चालणे. कापसाच्या आणि धान्याच्या मुलखात ओझे उचलण्याला कोणी हसत नाही. आठवड्यातून दोन दिवस पुरेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनातही प्रौढांना सर्व मोठ्या स्नायुगटांसाठी किमान दोन दिवस सांगितले आहेत. प्रत्येक क्रियेच्या एक-दोन फेऱ्या, प्रत्येक फेरीत आठ ते बारा आवृत्ती, श्वास कोंडून धरणे वर्ज्य, आणि मोजणी त्याची त्यानेच मनात करावी. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग दुखेल व ते आपोआप ओसरेल, हे आधीच सांगून ठेवावे, म्हणजे ती वेदना त्याला नव्या शिक्षेसारखी भासणार नाही. अनभ्यस्त माणसाकडून ईर्ष्येने शेकडो बैठका काढविल्या तर स्नायूंचा नाश होऊन लघवी काळपट होण्यापर्यंत आणि मूत्रपिंडाला अपाय होण्यापर्यंत पाळी येते, हेही प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असलेच पाहिजे.

सर्वांत महत्त्वाची म्हणजे नोंदवही. मोरितानी आणि डी व्ह्रीज या संशोधकांनी १९७९ मध्ये दाखवून दिले की, पहिल्या काही आठवड्यांत वाढणारी शक्ती ही मुख्यतः मज्जासंस्थेच्या शिकण्याने वाढते. स्नायू जाड होण्याचे काम मागाहून पुढे सरते. याचा व्यावहारिक अर्थ असा की, आरशात काहीच दिसत नसते तेव्हाही वहीत प्रगती दिसते. गेल्या आठवड्यात पाच किलो, या आठवड्यात सहा. गेल्या आठवड्यात खुर्चीवरून सहा वेळा, आता दहा वेळा. शाळेत ज्याची तुलना सदैव दुसऱ्याशी झाली, त्याची तुलना आयुष्यात प्रथमच त्याच्या स्वतःशी होते, आणि तीत तो जिंकतो. वयाची सबब येथे चालत नाही : बॉस्टनच्या एका वृद्धनिवासातील नव्वदीच्या घरातील दहा दुर्बल व्यक्तींना मारिया फियातारोने व सहकाऱ्यांनी आठ आठवडे पायांचा भारव्यायाम दिला, तेव्हा तो पुरा करणाऱ्यांची शक्ती सरासरीने १७४ टक्क्यांनी वाढल्याची नोंद १९९० मध्ये प्रसिद्ध झाली.

आपल्या भागात हे काम तातडीचे का, तेही नमूद केले पाहिजे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने दाखविले आहे की, आपल्याकडील पुष्कळ माणसे दिसण्यात कृश असूनही अंगात मेद अधिक आणि स्नायू कमी अशी असतात, आणि हा प्रकार जन्मापासूनच आढळतो. जेवणानंतर रक्तातील साखर साठवून घेणारे मोठे कोठार म्हणजे स्नायू. ते लहान असले म्हणजे किडकिडीत माणसालाही मधुमेह गाठतो. तेव्हा व्यायाम फक्त लठ्ठांनी करावा, या समजाला येथे थारा देऊ नये. आहाराच्या बाबतीत प्रथिनभुकटीच्या महागड्या डब्यांचा तगादा लावण्यापूर्वी घरच्या ताटाकडे पाहावे. ज्वारीत अख्खा उडीद मिसळून केलेली कळण्याची भाकरी, शेंगदाणे, डाळी, दूध, आणि चालत असेल त्याला अंडी, इतक्यावर नवशिक्याचा आरंभ चांगला होतो. ऋतूचेही भान असावे : वैशाखात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे सरकतो, त्या दिवसांत पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी कोणाचाही आरंभ करू नये. आणि स्त्रियांसाठी स्वतंत्र वेळ, आडोसा व शक्य तेथे शिक्षिका यांची व्यवस्था ही सवलत न मानता सेवेचा भाग मानावी. मैदानावरून सर्वांत आधी त्यांना बाजूला काढण्यात आले होते.

शेवटी, आपण परतवून आणू पाहतो तितकेच लोक शाळेचे मैदान दर वर्षी नव्याने दुरावीत असेल, तर हे काम कधीच संपणार नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई केली आहे. तरीही उठाबशांना शिक्षा न मानण्याचा, ‘तेवढाच व्यायाम होतो’ असे म्हणण्याचा शिरस्ता पुष्कळ ठिकाणी चालू आहे, आणि ते वाक्य उच्चारणाऱ्यांत आपल्याच व्यवसायातील माणसे असतात. आमची सूचना अशी की, जून महिन्यात शाळा उघडल्या म्हणजे प्रत्येक व्यायामशाळेच्या चालकाने आपल्या गावातील एका तरी मुख्याध्यापकांची गाठ घ्यावी आणि उठाबशा, फेऱ्या, अंगठे धरणे यांना शिक्षेच्या यादीतून काढण्याची विनंती करावी. बदल्यात आठवड्यातून एक तास स्वतः जाऊन, मुलांना त्यांच्या त्यांच्या शक्तीप्रमाणे बैठका शिकविण्याची तयारी दाखवावी. हे काम विनावेतन आहे. परंतु आज पाचवीत असलेला मुलगा तीस वर्षांनी डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून, आपण होऊन व्यायामशाळेत यावा, अशी ज्यांची इच्छा आहे, त्यांना ते टाळता येण्यासारखे नाही.