पाणी घालून मारलेली झाडं

मी आजवर दोन झाडं मारली आहेत. दोन्ही पाणी घालून!

पहिल्या वर्षाला हॉस्टेलवर आलो तेव्हा रूम ओकीबोकी वाटायची. चार भिंती, दोन कॉट, एक ट्यूबलाईट. म्हणून एका नर्सरीतून दीडशे रुपयांचा छोटा कॅक्टस आणला. हिरव्या दांड्यावर लालभडक गोळा! रूम पार्टनर म्हणाला, “एक नंबर आहे राव!” मग काय, रोज सकाळी ब्रश करून आलं की मगमधलं उरलेलं पाणी त्याला. महिन्याभरात दांडा मऊ पडला आणि एके दिवशी गोळा टेबलावर गडगडला. मला वाटलं, पाणी कमी पडलं असणार. म्हणून दुसरा आणला त्याला दुप्पट घातलं. तो पंधरा दिवसांत गेला.

दिवाळीच्या सुट्टीत ही रडकथा आईला सांगितली. आमचं गाव निमोणे, तालुका शिरूर. सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस कोसळत असतो तेव्हा आमच्याकडे बऱ्याचदा ढग नुसतेच डोक्यावरून जातात. आई हसली आणि तिने दाराच्या चौकटीकडे बोट दाखवलं. तिथं दृष्ट लागू नये म्हणून कोरफड उलटी टांगलेली होती, पाडव्यापासून. ना माती, ना पाणी. तरी शेंडा वळून वर निघालेला! आई म्हणाली, “हिला कोण पाणी घालतंय रे?”

त्या दिवशी डोक्यात प्रकाश पडला. आपण झाड निवडतो चेहरा बघून. निवडायला हवं ते आपली खिडकी आणि आपल्या सवयी बघून. माझं म्हणणं एवढंच आहे.

आधी थोडी थिअरी. बहुतेक झाडं पानांवरची छिद्रं दिवसा उघडतात आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड घेताना भरपूर पाणी गमावतात. कोरफड, निवडुंग, पानफुटी ही मंडळी मात्र नाईट शिफ्ट करतात! रात्री गारव्यात छिद्रं उघडायची, कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवायचा, दिवसा छिद्रं बंद करून सूर्यप्रकाशात त्याचंच अन्न करायचं. याची एक जुनी नोंद आपल्याच देशातली आहे. बेंजामिन हेन नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने भारतात पानफुटीची पानं चाखून पाहिली. सकाळी आंबट, दुपारी बेचव. त्याचं हे निरीक्षण १८१५ मध्ये छापून आलं. शाळेत असताना वहीत पान ठेवून ज्याच्या कडांना कोंब फुटायची आपण वाट बघायचो, तीच ही पानफुटी. (तुम्ही मात्र चाखायला जाऊ नका. त्या पानांत हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्यं असतात.)

म्हणजे ज्याच्या अंगातच टाकी आहे, त्याला आपण रोज टँकर पाठवतो. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. माती सतत ओली राहिली की मुळं गुदमरतात, मग बुरशी, मग सड. वरून झाड मलूल दिसतं, आपण अजून पाणी ओततो. खेळ खल्लास!

आता निवडायचं कसं? पहिला प्रश्न : खिडकी कुठल्या दिशेला आहे? पूर्वेची असेल तर तुम्ही नशीबवान. सकाळचं कोवळं ऊन जेड, कोरफड, पानफुटी सगळ्यांना मानवतं. पश्चिमेची खिडकी एप्रिल-मेमध्ये तापते, तिथं रोप काचेपासून थोडं आत सरकवा. दक्षिणेच्या खिडकीत हिवाळ्यात छान ऊन येतं, कारण तेव्हा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. उत्तरेची खिडकी, किंवा समोर दुसऱ्या इमारतीची भिंत, असं असेल तर कॅक्टसचा नाद सोडा. तिथं हॉवर्थिया किंवा स्नेक प्लांट ठेवा, ती कमी उजेडात तग धरतात. रोप लांबुडकं आणि फिकट व्हायला लागलं की समजायचं, ते उजेड शोधतंय.

दुसरा प्रश्न : तुम्ही कसे आहात? सबमिशनच्या आठवड्यात आंघोळ विसरणारे असाल तर उत्तम, ही झाडं तुमच्यासाठीच आहेत! पण रोज काहीतरी केल्याशिवाय चैन पडत नसेल तर सरळ पुदिना लावा. पाणी घालायच्या आधी बोट मातीत दोन पेरं खुपसून बघायचं. कोरडं लागलं तरच घालायचं, पण खालच्या भोकातून निथळेपर्यंत. पावसाळ्यात तर हात आवरायचाच. कुंडीत नुसती काळी माती नको, ती पाणी धरून ठेवते. आमच्याकडे ज्या मुरमाड माळाला शेतकरी नावं ठेवतात, तो मुरूम मात्र इथं सोन्यासारखा. निम्मी माती, निम्मा मुरूम किंवा जाडी वाळू, आणि कुंडीला भोक हवंच.

आणि तो लाल गोळा? त्याच्यात हरितद्रव्य नसल्यातच जमा. स्वतः अन्न करता येत नाही म्हणून त्याचं कलम हिरव्या दांड्यावर बांधलेलं असतं. हा दांडा बहुधा ड्रॅगन फ्रूटच्या जातभाईचा. खालचा कमावतो, वरचा मिरवतो. (घरून येणाऱ्या मनिऑर्डरवर दिवस काढणाऱ्यांनी हसू नये!) अशी जोडी सांभाळली तरी काही वर्षंच टिकते. दिसायला सुंदर, पण पहिलं झाड म्हणून घेऊ नये.

तिसरा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो : झाड आलं कुठून? आमच्या घोड नदीला मिळणारी कुकडी ज्या जुन्नर भागातून येते, तिथल्या शिवनेरीच्या कड्यावर शिवसुमन नावाची वनस्पती आहे. मांसल खोड आणि पिवळ्या नक्षीचं गडद लाल, चांदणीसारखं फूल. जगात ती फक्त महाराष्ट्रात, मोजक्या कड्यांवर उरली आहे. ट्रेकला जाऊन ती उपटून आणणाऱ्याला मी झाडप्रेमी म्हणणार नाही. हवीच असेल तर तिच्या फांद्यांपासून रोपं होतात, ती नर्सरीत वाढवलेलीच घ्या.

उलट्या बाजूनेही विचार करावा. फड्या निवडुंग मुळात अमेरिकेतला. तो आपल्याकडे आला आणि असा माजला की १९२६ मध्ये त्याच्या एका जातीला आवरायला श्रीलंकेतून खास किडे आणावे लागले. तेव्हा नको झालेल्या फांद्या टेकडीवर फेकून देऊ नका. पानफुटीचं तर एक पानही पुरतं. बांधावरचा शेरही रूमवर नको. त्याचा चीक डोळ्यात गेला तर थेट दवाखाना.

काही जण म्हणतात, घरात काटेरी झाड असू नये. बरं, नका ठेवू! कोरफड, जेड, हॉवर्थिया यांना टोचणारे काटे कुठे आहेत? आणि कोणी म्हणेल, कोरफडीत काय बघायचं, ती तर गावाकडची. ती मूळची अरबस्तानातली, पण आमच्या दारात इतकी वर्षं उलटी लटकून गावची झाली आहे. रांगोळीसारखी पसरलेली तिची पानं पांढऱ्या कुंडीत एकदा बघा, मग बोला.

तिसऱ्यांदा मी काहीच विकत घेतलं नाही. एस.टी.ने येताना पिशवीतून आणलं ते कोरफडीचं एक पिल्लू आणि डबाभर मुरूम. खिडकी पूर्वेची. परीक्षा झाल्या, उन्हाळ्याची सुट्टी झाली, परत आलो तर स्वारी जागच्या जागी, थोडी तांबूस झालेली. आता तिला चार पिल्लं आहेत. रेक्टर सरांनी हरकत घेतली नाही, तर वर्षाच्या शेवटी सीनियर्सनी जर्नल्सबरोबर आपल्या झाडाचं एक पिल्लूही ज्युनिअर्सना द्यावं, असं मला वाटतं.

माझ्याकडची चार देऊन टाकायची आहेत. रूमवर या आणि घेऊन जा. अट एकच : येण्याआधी आपली खिडकी कुठल्या दिशेला आहे ते बघून या!