बॅगेतला हिरवा किरण

गेल्या महिन्यात भाचा शिकायला मेलबर्नला गेला. ताईचं सासर धारवाडचं. त्यामुळे बॅग भरण्याचा कार्यक्रम दोन भाषांतून चालला होता. तिच्या सासूबाई शेंगाचटणीची पिशवी पुढे करून "इदु इडु" म्हणत होत्या आणि ताई "अहो अत्ते, तिथले कस्टमवाले काढून टाकतील" म्हणून ती परत बाहेर ठेवत होती. या गडबडीत मामा या नात्यानं मीही हातभार लावला. वर्गात नकाशावर वापरायचा माझा हिरवा लेझर पॉइंटर भाच्याच्या हातात दिला. म्हटलं, "तिकडे प्रेझेंटेशन फार असतात म्हणे, तुला उपयोगी पडेल." पेनाएवढी वस्तू. कुणाचं तिच्याकडे लक्षही गेलं नाही. सगळी चर्चा चटणीवर!

रात्री चटणीचं नक्की काय करायचं हे बघायला भाच्यानं ऑस्ट्रेलियाच्या सीमाशुल्क खात्याची यादी उघडली आणि मला हाक मारली. "मामा, खायच्या वस्तूंची नोंद कार्डावर करायची, विचारलं तर दाखवायचं, एवढंच आहे. पण तुमचा तो पॉइंटर चालत नाही हो."

मी चष्मा लावून वाचलं. 1 मिलीवॅटपेक्षा जास्त शक्तीचा हातात धरायचा लेझर पॉइंटर परवानगीशिवाय ऑस्ट्रेलियात नेता येत नाही. इतकंच नाही, मेलबर्न ज्या व्हिक्टोरिया राज्यात आहे तिथल्या कायद्यानं असा पॉइंटर 'प्रतिबंधित शस्त्र' ठरतो. तलवारी आणि गुप्त्या ज्या यादीत असतात, त्या यादीत. माझ्या पॉइंटरवरच्या चिकटपट्टीवर 5 मिलीवॅट लिहिलेलं. म्हणजे मामानं भाच्याला परदेशी जाताना शस्त्र भेट दिलं होतं! सासूबाईंना सगळं समजावून सांगितल्यावर त्यांनी चटणीची पिशवी शांतपणे बॅगेत ठेवली आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ना हेळलिल्लेनु?" त्यांनी काय सांगितलं होतं ते मला अजून कळलेलं नाही, पण मी मान हलवली.

मी भूगोलाचा माणूस. घटप्रभा-मलप्रभेची खोरी दाखवायला हा किरण फार सोयीचा. काठी घेऊन फळ्याशी उभं राहायला नको, मागच्या बाकावरूनही दाखवता येतं. त्याचं शास्त्र मात्र मी त्या रात्रीनंतर नीट वाचलं, थोडं आमच्या कॉलेजातल्या फिजिक्सच्या सहकाऱ्याला विचारलं.

साधा दिवा चारी बाजूंना प्रकाश फेकतो. लेझरचा सगळा प्रकाश एका बारीक धारेत जातो, आणि ती धार डोळ्यात गेली की डोळ्याचं भिंग तिला पडद्यावर आणखी एका ठिपक्यात गोळा करतं. लहानपणी भिंगानं कागद जाळायचो, तोच प्रकार. 1 मिलीवॅटच्या आतला किरण असेल तर साधारण पाव सेकंदात आपली पापणी मिटते आणि डोळा वाचतो. शक्ती वाढत गेली की पापणी मिटण्याआधीच इजा होऊ शकते. आणि पडद्याला वेदना कळत नाही. पोरगं "आई गं" म्हणत नाही, म्हणून घरच्यांना वाटतं काही झालं नाही. महिन्यानं ते सांगतं, वाचताना मधलं अक्षर दिसत नाही.

हिरव्याची तर आणखी एक गंमत आहे. गंमत म्हणायची पद्धत म्हणून म्हणतो. स्वस्त हिरव्या पॉइंटरमध्ये मूळ किरण हिरवा नसतोच. तो डोळ्यांना न दिसणारा अवरक्त किरण असतो आणि आतल्या स्फटिकांतून जाताना त्याचा हिरवा होतो. उरलेला अवरक्त भाग अडवायला एक गाळणी लागते, आणि पैसे वाचवायला काही कारखानदार तीच गाळतात. मग जो भाग दिसत नाही, ज्याला पापणी मिटतही नाही, तो थेट डोळ्यात. अमेरिकेतल्या मानके-तंत्रज्ञान संस्थेनं 2013 मध्ये 122 पॉइंटर तपासल्याचं जाहीर केलं. हिरव्यांपैकी जवळजवळ 90 टक्के आणि लालपैकी 44 टक्के तिथल्या सुरक्षा नियमांत बसले नाहीत. तेव्हा "माझ्यावर 5 लिहिलंय" याला काही अर्थ नाही. जत्रेतल्या खेळण्यावर तर तेवढंही लिहिलेलं नसतं.

आता प्रवासाचं. आपली अशी समजूत असते की विमानतळावरच्या तपासणीत वस्तू सुटली म्हणजे सुटली. तिथेच फसायला होतं. तपासणारा माणूस बघतो ते विमानाला धोका आहे का एवढंच. उतरल्यावर त्या देशात ती वस्तू बाळगता येते का, हा त्याचा विषय नाही. अमेरिकेत लेझर पॉइंटर हातातल्या बॅगेतूनसुद्धा विमानात नेता येतो. ऑस्ट्रेलियात तो उतरल्यावर अडतो. स्वित्झर्लंडनं तर 1 जून 2019 पासून सगळ्यांत कमजोर, म्हणजे पहिल्या वर्गातले पॉइंटर सोडून बाकी सगळ्यांवर बंदी आणली, आणि हे पहिल्या वर्गातलेही फक्त छपराखाली, काही दाखवण्यापुरते. आपल्याकडून युरोप टूरला जाणारी मंडळी कमी नाहीत. किल्लीच्या जुडग्याला लटकवलेला नातवाचा लाल दिवा तिथे काय म्हणून धरला जाईल, याचा विचार कोण करतो? भाच्यासारखीच आपणही आधी त्या देशाची यादी बघावी. ज्याची शक्ती माहीत नाही तो पॉइंटर सरळ घरी ठेवावा. सभागृहात लागला तर बहुतेक ठिकाणी मिळतोच.

हे देश एवढे कडक का झाले? मार्च 2008 मध्ये सिडनीला उतरणाऱ्या विमानांवर एकाच वेळी अनेक ठिकाणांहून हिरवे किरण मारले गेले, आणि त्यानंतर तिथले कायदे आवळले गेले. फेब्रुवारी 2016 मध्ये लंडनहून न्यूयॉर्कला निघालेलं एक मोठं विमान वैमानिकावर किरण पडल्यानं अर्ध्यातून परत आलं. ब्रिटननं 2018 मध्ये स्वतंत्र कायदा करून वाहनावर लेझर मारण्याला 5 वर्षांपर्यंत कैद ठेवली. त्यात विमानच नव्हे, रेल्वे आणि मोटारीही आल्या. अमेरिकेत 2012 पासून विमानावर लेझर रोखण्याला 5 वर्षांपर्यंत शिक्षा आहे, तरी 2023 या एका वर्षात वैमानिकांनी 13,304 प्रसंग नोंदवले.

हे आकडे वाचताना मला घाम फुटला, त्याचं कारण वेगळं आहे. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

चार वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या कॉलनीतल्या पोरांना मी गच्चीवर सप्तर्षी दाखवत होतो. याच पॉइंटरनं. किरण थेट ताऱ्यापर्यंत पोचल्यासारखा दिसतो, पोरं खूश. तेवढ्यात सांबऱ्याकडे उतरणारं विमान दिसलं. एक पोरगं म्हणालं, "सर, तिथपर्यंत पोचतो काय?" आणि मी, भूगोल शिकवणारा, एम.ए. झालेला माणूस, "बघू की" म्हणून बटण दाबलं. दोन-तीन सेकंद. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

मला वाटलं होतं, एवढ्या लांब तो ठिपका कुठे लागतोय. पण ठिपका ठिपका राहत नाही. किरण पसरत जातो. साधारण 1 किलोमीटरवर तो मीटरभर रुंद होतो. विमानाच्या काचेवर पडला की ओरखड्यांवर फुटून सगळी काच हिरवीगार होते. अंधारात सरावलेले डोळे, उतरायची वेळ, समोर धावपट्टीचे दिवे, आणि अचानक हिरवा पडदा. त्यातून हिरव्या रंगाला आपला डोळा सगळ्यांत हळवा, त्यामुळे तेवढ्याच शक्तीच्या लालपेक्षा तो कितीतरी झगझगीत वाटतो. त्या विमानातल्या कुणाला काही जाणवलं की नाही मला कळायचा मार्ग नाही. विमान नीट उतरलं, एवढं खरं. दुसऱ्या दिवशी कॉलनीतली दोन पोरं घरून लाल पॉइंटर घेऊन आली होती.

आपल्याकडे विमानतळाच्या परिसरात वैमानिकाला दिपवणारा दिवा दाखवायला विमानविषयक नियमांनी मनाई आहे. मुंबईत पोलिस विमानतळाभोवतीच्या लेझरवर वेळोवेळी बंदीचे आदेश काढतात. मिरवणुकांचा अनुभव तर जवळचाच. 2023 च्या गणेशोत्सवानंतर नाशिक-पुण्याकडच्या नेत्रतज्ज्ञांकडे पडद्याला इजा झालेली तरुण मुलं आली, आणि 2024 मध्ये पुणे पोलिसांनी मिरवणुकीतल्या लेझरवर बंदी घातली. गणपती बघायला आपण पुण्या-कोल्हापूरला जातो तेव्हा खांद्यावर बसलेलं पोर नेमकं त्या झोताच्या उंचीला असतं.

भाचा सुखरूप पोचला. चटणीची नोंद त्यानं केली होती. अधिकाऱ्यानं पिशवी उघडून वास घेतला आणि परत दिली म्हणे. धारवाडच्या घरात ही बातमी अजून पुरते आहे.

पॉइंटरमधली बॅटरी काढून तो मी फिजिक्सच्या कपाटात ठेवायला दिला. वर्गात परत बांबूची काठी आली. परवा गच्चीवर तीच पोरं, आता मोठी झालेली, तारे बघायला जमली. मी बोट दाखवतो, तर "कुठला सर, कुठला?" सुरू. "ती पाण्याची टाकी दिसते काय, तिच्या वर दोन बोटं," असं सांगत होतो, तेवढ्यात सांबऱ्याचं विमान आलं. ज्यानं चार वर्षांपूर्वी विचारलं होतं, त्याला मी बाजूला घेऊन त्या रात्रीचं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "सर, मी नंतर पण दोनदा मारला होता."