गुडघ्याची वाटी बदलण्याआधी विचारा : धातू बाधतो का?



बेंटेक्सचं कानातलं घातलं की कानाची पाळी चिघळते, घड्याळाच्या पट्ट्याखाली खाज सुटते, मंगळसूत्राच्या हुकाने मानेवर चट्टा उठतो. अशी बाई तुमच्या ओळखीत असेलच. तिचं रक्त खराब नसतं. बहुतेक वेळा ती निकेलची ॲलर्जी असते. सिमेंट कालवून हात फाटलेल्या गवंड्याला पुष्कळदा क्रोमियम बाधलेलं असतं. आणि नेहमीच्या कृत्रिम गुडघ्यात काय असतं? कोबाल्ट, क्रोमियम आणि थोडं निकेल!

मग ऑपरेशनआधी साखर, बीपी, हृदय सगळं तपासणारे दवाखाने एवढा एक प्रश्न का विचारत नाहीत?

वाटी बदलल्यावर धातूमुळे त्वचेवर चट्टे उठणारे रुग्ण थोडे असतात. सांधा सुजला तर आधी जंतुसंसर्गच तपासायला हवा. सरसकट ॲलर्जीच्या चाचणीची आमची मागणी नाही. पण ज्यांना आधीपासून त्रास आहे, त्यांना विचारायला पैसे पडत नाहीत. वाटी बदलल्यावर महिनोन्महिने पुरळ घेऊन फिरणाऱ्या बाईला ‘मनाचे खेळ आहेत’ म्हणून मलम देऊन वाटेला लावणं हा अन्याय आहे.

चाचणी साधी आहे. पाठीवर धातूंच्या क्षारांच्या पट्ट्या चिकटवतात, 48 तासांनी काढतात आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहतात. आमच्या परभणीच्या उन्हाळ्यात घामाने त्या सुटतात, म्हणून हिवाळ्यात केलेली बरी. परभणीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात ती कायम मिळालीच पाहिजे. जिल्ह्यातल्या जिंतूर, पालमच्या शेतमजूर बाईने त्यासाठी नांदेड, संभाजीनगर का गाठावं? चाचणीत ॲलर्जी निघाली म्हणजे सांधा बिघडेलच असं नाही, पण डॉक्टरांना टायटॅनियम किंवा ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियमचा विचार करता येतो. ऑगस्ट 2017 मध्ये सरकारने कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्याला 54,720 आणि या खास धातूंच्या गुडघ्याला 76,600 रुपयांची कमाल मर्यादा घातली, जीएसटी वेगळा. हा फरक रुग्णाला आधी कळायला नको?

ऑपरेशनचे कागदही जपा. डेप्यू कंपनीचा ‘एएसआर’ हा कृत्रिम खुबा 2010 मध्ये जगभरातून परत मागवला गेला. तिथे प्रश्न ॲलर्जीपेक्षा झिजून रक्तात उतरणाऱ्या धातूचा होता. भारतात असे सुमारे 4,700 खुबे बसवले होते, आणि त्यातल्या बहुतेक रुग्णांचा पत्ताच लागला नाही! गुडघ्याच्या बिलात कंपनीचं नाव आणि बॅच नंबर लिहिणं 2017 च्या आदेशानेच रुग्णालयावर बंधनकारक आहे. सुट्टी घेताना खोक्यावरचा स्टिकर फाइलमध्ये चिकटवून घ्या. देत नसतील तर लेखी मागा, आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.