रेनकोटवरून चोर ठरवू नका!

कशेळी, काल्हेर, पूर्णा, राहनाळ पट्ट्यातल्या कामगार बंधू-भगिनींनो आणि गाळेमालकांनो,

गेल्या पावसाळ्यात आमच्या टोळीतल्या एका हमालाला गेटवर अडवलं. गोदामातला एक खोका गायब होता आणि फुटेजमध्ये पिवळ्या रेनकोटातला माणूस मागच्या दाराकडे जाताना दिसत होता. डोक्यावर टोपी, तोंड दिसतच नाही. त्या दिवशी तसला पिवळा रेनकोट आम्हा नऊ जणांच्या अंगात होता, मुकादमाने एकाच गठ्ठ्यातून आणलेला. तरी त्याची हजेरी बंद. चौथ्या दिवशी खोका शेजारच्या रॅकवर, चुकीच्या स्टिकरखाली सापडला. तीन दिवसांची मजुरी आजवर मिळालेली नाही.

तेव्हा निदान पडद्यासमोर माणूस बसला होता, त्याच्याशी भांडता तरी आलं. आता हेच काम यंत्राला द्या म्हणून सॉफ्टवेअर विकलं जातं: एका कॅमेऱ्यात दिसलेला माणूस पुढच्या सगळ्या कॅमेऱ्यांत आपोआप हुडकून देणारं. सोबत वेगवेगळ्या मॉडेलांच्या अचूकतेचा तक्ता असतो. रेझनेट इतके टक्के, ओएसनेट इतके, ट्रान्सरीआयडी त्याहून वर. हे आकडे खोटे नाहीत. पण कुठे काढले, ते विचारा.

बरेचसे ‘मार्केट-१५०१’ या चित्रसंचावरचे असतात. बीजिंगच्या त्सिंगहुआ विद्यापीठात एका सुपरमार्केटसमोर सहा कॅमेरे लावून टिपलेली १,५०१ माणसं. २०१५ मध्ये हा संच जाहीर झाला. तिथे चांगली मॉडेलं शंभरात ९४-९५ वेळा बरोबर निघतात. तिथेच शिकलेलं साधं मॉडेल अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या आठ कॅमेऱ्यांवर, नव्याने न शिकवता चालवलं, तर आकडा निम्म्याच्याही खाली घसरतो. त्यातून चित्रात चेहरा बोटाच्या नखाएवढा असतो. यंत्र बघतं ते मुख्यतः कपडे, पिशवी, अंगकाठी. विद्यार्थ्यांचे कपडे तरी वेगवेगळे असतात. आमच्या रात्रपाळीत सगळ्यांच्या अंगात एकच जाकीट!

त्या ९५ मध्ये दुसरीही मेख आहे. परीक्षेत शोधायचा माणूस संचात असतोच, यंत्राने त्याला फक्त पहिल्या नंबरावर आणायचं. गोदामात खरा माणूस केव्हाच निघून गेलेला असेल, किंवा आमच्याकडे झालं तसं, चोरी झालेलीच नसेल. यंत्र मात्र कुणाला तरी पहिला नंबर देणारच. तो ज्याला मिळेल त्याची चूल बंद. यंत्रावर विसंबून असं घडलंही आहे: अमेरिकेत चेहरा जुळवणाऱ्या यंत्राने चुकीचा माणूस दाखवला आणि डेट्रॉइट पोलिसांनी जानेवारी २०२० मध्ये त्याला त्याच्या लहान मुलींसमोर घराच्या अंगणातून उचलून नेलं.

गाळेमालकांनो, विकत घेण्याआधी हे सॉफ्टवेअर इथे तपासा: भर पावसात, रात्रपाळीला, याच जाकिटांवर, आणि ज्यांच्यावर तपासणार त्या कामगारांना विचारून. ‘यात कुणीच जुळत नाही’ हे यंत्र किती वेळा बरोबर सांगतं, तो आकडा लेखी मागा. विकणारा तो देत नसेल तर व्यवहार करू नका. आणि घेतलंत तरी नुसत्या जुळणीवरून कुणाची हजेरी किंवा गेटपास थांबवायचा नाही. आधी फुटेज त्या कामगाराला आणि त्याच्या मुकादमाला दाखवायचं.

कामगारांनो, हे पत्रक नुसतं खिशात घालून नेऊ नका. शेजारच्या टोळीतल्या यूपी-बिहारच्या भावांना हिंदीत समजावून सांगा. त्यांच्याही अंगात तेच जाकीट आहे.

— कशेळीतला एक गोदाम कामगार