लेण्यांची साक्ष आणि आपले कर्तव्य



हिंगोली जिल्ह्यातून आपली कुटुंबे अजिंठ्यास जातात, हात जोडतात व परत येतात. एवढ्याने आपले कर्तव्य संपते काय? मला तसे वाटत नाही. वकिलीच्या व्यवसायामुळे मी लेण्यांकडे अस्सल दस्तऐवज म्हणून पाहतो. आणि अस्सल दस्त खराब झाला, तर खरा दावाही दुबळा होतो.

अजिंठा आपणांस परका नव्हे. तेथील १६ वे लेणे वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने करविले, असे लेखच सांगतो. त्या वाकाटक शाखेची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आपल्या शेजारचे वाशीम.

नाशिकच्या १० व्या लेण्यातील उषवदाताचा लेख पाहा. त्याने ३००० कार्षापणे कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेविली : २००० वर दरमहा शेकडा एक व १००० वर शेकडा पाऊण व्याज. मुद्दलास हात लावावयाचा नाही. पहिल्या ठेवीच्या व्याजातून वर्षावासातील २० भिक्षूंना चीवर द्यावयाचे. हे सर्व निगमसभेत ऐकवून नोंदविले गेले. हे दगडावरील विश्वस्तपत्रच नव्हे काय?

ब्राह्मी लिपी १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने उलगडली. तेव्हापासून ओला कागद दगडावर ठोकून लेखांचे ठसे घेत. आता शेकडो छायाचित्रे जुळवून, भिंतीस स्पर्शही न करता, लेण्याची त्रिमित प्रतिकृती होते. लेसर किरणांनी भिंतीचे बारीक माप निघते. अवरक्त प्रकाशात काजळीखालच्या रेषा दिसू शकतात. वेरूळच्या गिलाव्यातील तंतू सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा मातीत भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले आढळले, असे २०१६ साली प्रसिद्ध झाले. ते मिश्रण नसलेल्या अजिंठ्याच्या गिलाव्यास किडीने पोखरले, असा त्या संशोधकांचा निष्कर्ष आहे.

परंतु सद्हेतूनेही हानी होते. १९२० ते १९२२ या काळात निजामाच्या राज्यात इटालियन तज्ज्ञांनी अजिंठ्याच्या चित्रांवर लाखेचा लेप दिला. तो पुढे पिवळा पडला, त्यावर मळ बसला, आणि तो काढण्याचे काम पुढील पिढ्यांवर आले. मग आपली मेणबत्ती व अगरबत्ती निरुपद्रवी कशी म्हणावी? कोणी म्हणेल, वंदनेस अडविता काय? नाही. वंदनेस धुराची गरज नाही, आणि भिंतीवर आपले नाव कोरण्याची तर मुळीच नाही. संरक्षित स्मारकाची नासधूस करणाऱ्यास १९५८ च्या कायद्यान्वये दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. संविधानाच्या अनुच्छेद ५१क नेही हा वारसा जपण्याचे कर्तव्य प्रत्येक नागरिकावर टाकले आहे.

माझे म्हणणे असे. एक, या प्रतिकृती व लेखांची मराठी वाचने शाळांस विनामूल्य मिळावीत, अशी मागणी आपण शासनाकडे करावी. दोन, आपल्या मुलांना ब्राह्मी अक्षरे शिकवावीत. तीन, लेण्यांविषयी बोलताना लेख सांगतो तेवढेच सांगावे. पदरचे एक वाक्य घातले, की विरुद्ध पक्ष संपूर्ण साक्षच खोटी ठरवू पाहतो. खऱ्या दस्तास अतिशयोक्तीची गरज नसते. त्यास राखणदार लागतात. ते आपण व्हावे.