पंख्याखालचं धुणं

सुरतेत पाऊस लागला की घरातल्या पंख्याची ड्यूटी बदलते. मेअखेरपर्यंत तो माणसांसाठी फिरतो, जूनच्या मध्यापासून त्याच्याखाली धुणं येतं. लिंबायत, डिंडोली, उधना, नवागाम या भागांतल्या एका खोलीच्या बिऱ्हाडात दोन भिंतींमध्ये दोरी ताणलेली असते. तिच्यावर शाळेचे गणवेश, साडी, टॉवेल, जीन्स. आणि दोरीखाली रात्रपाळीहून आलेला माणूस भरदिवसा झोपलेला. पंखा दोघांत एकच. शहरात वर्षाला साधारण १२०० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. जुलैत हवेतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर जाते. अशा हवेत जीन्स दुसऱ्या दिवशीही कमरपट्टीला ओली लागते आणि टॉवेलला कुबट वास धरतो.

या वस्त्यांत मराठी, त्यातही अहिराणी, सर्रास कानावर पडते. भुसावळ-सुरत रेल्वेमार्गाने जळगाव, धुळे, नंदुरबारकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या इथे येत राहिली आणि यंत्रमागात, साड्यांच्या बाजारात, रंगाई-छपाईच्या मिलमध्ये लागली. महापालिका इथे मराठी माध्यमाच्या शाळाही चालवते. यातल्या अनेक घरांतल्या कर्त्या माणसाचा व्यवसायच मुळी कापड वाळवण्याचा आहे, हे मात्र घरखर्चाचा हिशेब मांडताना कुणी ध्यानात घेत नाही.

पांडेसरा औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही प्रोसेस हाउसमध्ये, म्हणजे रंगाई-छपाईच्या मिलमध्ये, ओलं कापड थेट गरम हवेत घालत नाहीत. आधी त्यातलं पाणी काढतात, एकतर रुळांच्या जोडीत दाबून, नाहीतर ‘हायड्रो’ म्हणतात त्या गरगर फिरणाऱ्या पिंपात. मगच ते गरम हवेनं वाळवणाऱ्या स्टेंटरवर चढतं. कारण सरळ आहे. पाणी पिळून काढायला मोटारीची थोडी ताकद पुरते. तेच पाणी वाफ करून उडवायचं तर कोळसा किंवा गॅस जाळावा लागतो. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण ०.६७ युनिटइतकी ऊर्जा लागते. ती उन्हातून आली तर फुकट, विजेच्या ड्रायरमधून आली तर बिलावर. यात कुठल्याही कंपनीचं तंत्रज्ञान फार सूट मिळवून देऊ शकत नाही, फक्त एक अपवाद आहे आणि तो पुढे येतो.

हाच हिशेब घरी. पाच जणांच्या घरातलं रोजचं सुती धुणं वाळल्यावर पाच किलो भरतं असं धरू. हातानं पिळलं तर त्यात चार-पाच लिटर पाणी राहतं. मिनिटाला हजार-बाराशे फेऱ्यांनी फिरणाऱ्या टबात पाच मिनिटं घातलं तर अडीच-तीन लिटर. म्हणजे दीडेक लिटर पाणी निघून गेलं, आणि त्यासाठी वीज खर्च झाली एका युनिटच्या दोन-तीन शतांश भागाइतकी. दोन टबांच्या मशिनमधला हा छोटा टब घरोघर ‘ड्रायर’ म्हणून ओळखला जातो. तो वाळवत काहीच नाही, पण त्याच्याइतकी स्वस्तात वीज वाचवणारी दुसरी वस्तू घरात सापडणं कठीण.

गंमत अशी की ज्या कापडानं सुरतेला मोठं केलं त्या कापडाला हा त्रास जवळजवळ नाही. पॉलिस्टरचा धागा हवेतलं पाणी स्वतःच्या वजनाच्या अर्धा टक्कासुद्धा धरत नाही. सुताचा धागा साडेआठ टक्क्यांपर्यंत धरतो. सुरती साडी पंख्याखाली रातोरात वाळते. छळतात ते टॉवेल, चादरी, बनियन आणि जीन्स.

मग वॉशिंग मशीन कोणती घ्यायची? दुकानात उभं राहिलं की एका बाजूला दहा-बारा हजारांची दोन टबांची असते, दुसऱ्या बाजूला तीस-पस्तीस हजारांची समोरून उघडणारी, वीजबचतीच्या पाच चांदण्या लावलेली. विक्रेता चांदण्या दाखवतो. त्या खोट्या नाहीत, पण पाणी गरम न करता थंड पाण्यात धुणाऱ्या घरात एका धुण्याला वीज लागते तीच मुळात थोडी. त्यातली बचत वीस हजारांचा फरक भरून काढायला पुरत नाही. महागडी मशीन कपडे जास्त जपते, पाणी कमी घेते, वेळ वाचवते. त्यासाठी घ्यावी. वीजबिलासाठी घेतली तर हिशेब चुकतो.

लिंबायतमध्ये आणखी एक हिशेब असतो तो छापील लेबलवर कुठेच नसतो. मिठी खाडीचं पाणी. जोराचा पाऊस झाला की खाडीकाठच्या गल्ल्यांत पाणी शिरतं. २०२५च्या जूनअखेरीसही शिरलं. २००६च्या ऑगस्टमध्ये तर उकाई धरणातून सोडलेल्या पाण्यानं शहराचा बहुतेक भाग बुडवला होता. जमिनीवर ठेवायची, खाली मोटार असलेली वस्तू अशा ठिकाणी महागाची घेणं जोखमीचं आहे, आणि तिथल्या बायकांना ते कुणी सांगावं लागत नाही. म्हणून मशीन लोखंडी स्टँडवर चढलेली असते, आणि बहुधा स्वस्तातली असते.

आता खऱ्या ड्रायरकडे. वेसू, पाल, अडाजणकडच्या टॉवरांत तो हळूहळू शिरतो आहे. तिथे अनेक सोसायट्यांना दर्शनी बाल्कनीत कपडे दिसलेले चालत नाहीत आणि मागची धुण्याची जागा, गुजराती घरात जिला चोकडी म्हणतात ती, दोन बादल्या ठेवल्या की भरते. साधा तापकाचा ड्रायर एका फेरीला तीनेक युनिट खातो. वर म्हटलेला अपवाद म्हणजे हीट पंपाचा ड्रायर. तो एसीचंच यंत्र उलटं वापरून वाफेतली उष्णता परत कामाला लावतो आणि निम्म्या विजेत काम करतो. किंमत मात्र दुपटीच्या घरात.

स्वित्झर्लंडनं २०१२पासून हीट पंपाशिवायचे ड्रायर बाजारातून बाद केले. युरोपीय संघातही १ जुलै २०२५पासून लागू झालेल्या नियमांनी नव्या विक्रीत व्यवहारात हीट पंपाचेच उरले आहेत. म्युनिकला राहणाऱ्या मराठी कुटुंबाला आता निवडच नाही, आणि तिथे ते बरोबरही आहे. थंडीचे लांबलचक महिने ड्रायर अटळ असतो. सुरतेत तो लागतो चार महिने. युनिटला सात रुपये धरले आणि पावसाळ्यात शंभर फेऱ्या धरल्या, तर दीड युनिटच्या बचतीचे वर्षाला हजार-साडेदहाशे रुपये होतात. तीस हजारांचा जादा खर्च वसूल व्हायला तीस वर्षं लागतील. मशीन दहा-बारा वर्षांत भंगारात जाते. सुरतेतल्या घरासाठी कार्यक्षम ड्रायर हा तोट्याचा सौदा आहे.

गच्चीचा मात्र सुरतेला मोठा आधार आहे, निदान ज्यांची गच्ची आहे त्यांना. पंतप्रधान सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४मध्ये आली. तीन किलोवॉटच्या छतावरच्या सौर संचाला ७८,००० रुपये अनुदान मिळतं आणि असे संच बसवण्यात गुजरात देशात आघाडीवर आहे. अनेकजण पॅनल जमिनीलगत न बसवता डोक्यावर येईल इतक्या उंच सांगाड्यावर बसवतात. उतरत्या पॅनलांखाली पावसाची सर चुकवून, चारी बाजूंनी वारा खात कपडे वाळतात. सौर योजनेच्या कुठल्याही जाहिरातीत हा फायदा दिसत नाही. पांडेसऱ्याच्या बाजूला गच्चीवर कपड्यांना धुराड्यांतले काळे कण चिकटण्याची तक्रार जुनी आहे. २०१९पासून गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळानं सुरत परिसरातल्या कारखान्यांत धूलिकणांच्या परवान्यांची खरेदी-विक्री सुरू केली, आणि अभ्यासात त्यांचं उत्सर्जन वीस ते तीस टक्क्यांनी घटलेलं दिसलं. वाळत घातलेल्या पांढऱ्या सदऱ्याला हे कुठल्याही डिटर्जंटपेक्षा उपयोगी.

भाडेकरूला गच्ची नसते. त्याच्याकडे पंखा असतो, आणि खरी गोष्ट इथे सुरू होते.

जुना छताचा पंखा ७५ वॉट घेतो. जानेवारी २०२३पासून पंख्यांना ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचं तारांकन सक्तीचं झालं, तेव्हापासून नवा एक-तारा पंखाही ५० वॉटच्या आसपास येतो. बीएलडीसी मोटारीचा पाच-तारा पंखा ३० वॉटमध्ये तेवढाच वारा देतो. माणसं आणि धुणं मिळून पंखा दिवसाला पंधरा तास, वर्षाला तीनशे दिवस चालला, तर जुन्याच्या जागी बीएलडीसी लावल्यावर २०० युनिट वाचतात, म्हणजे सात रुपयांनी १,४०० रुपये. पंखा तीन हजारांचा. दोन वर्षांत पैसे वसूल. आणि एक छोटी तुलना: सकाळी घाईत ओलसर गणवेशावर पाव तास फिरवलेली हजार वॉटची इस्त्री जेवढी वीज घेते, तेवढ्यात हा पंखा रात्रभर, आठ तास फिरतो.

या पंख्यात खोट नाही असं नाही. साधा पंखा मंदावला तर गल्लीतला इलेक्ट्रिशियन कंडेन्सर बदलून देतो, मोटार जळली तर वाइंडिंगवाला ती परत भरून देतो. बीएलडीसीचं सर्किट गेलं की कंपनीची वाट पाहावी लागते आणि वॉरंटी संपलेली असेल तर खर्च झोंबतो. तरीही दोन वर्षांत वसूल होणारी वस्तू घेऊ नये असा सल्ला कुणी शहाणा देणार नाही.

मग ती या खोल्यांत का दिसत नाही? कारण पंखा घरमालकाचा आणि बिल भाडेकरूचं. जो विकत घेणार त्याला बचत मिळत नाही, ज्याला बचत हवी त्याचा पंख्यावर हक्क नाही. भाडेकरूनं स्वतःचा पंखा लावून खोली सोडताना तो उतरवून न्यावा, हे शक्य आहे. पण पुढच्या खोलीची खात्री नसताना तीन हजार एकरकमी काढणं सोपं नाही.

एकरकमीचा प्रश्न देशानं एकदा सोडवलेला आहे. जानेवारी २०१५मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेत एलईडी बल्ब ग्राहकाला हप्त्यानं मिळायचा, महिन्याला दहा रुपये वीजबिलातूनच कापून. सरकारी कंपनी ईईएसएलनं एकगठ्ठा खरेदी केली आणि २०१४मध्ये ३१० रुपयांना पडणारा बल्ब २०१६मध्ये तिला ३८ रुपयांना पडू लागला. योजनेत ३६ कोटींवर बल्ब गेले. पंखे मात्र सुमारे साडेतेवीस लाख. पुढे नोव्हेंबर २०२३मध्ये एक कोटी कार्यक्षम पंख्यांचा कार्यक्रम जाहीर झाला. बल्बला जमलं ते पंख्याला जमायला हरकत नाही, पण बिलातून हप्ता कापायचा तर बिल ग्राहकाच्या नावावर हवं. लिंबायतमधल्या कित्येक भाडेकरूंच्या नावावर ते नसतं. मुख्य मीटर मालकाचं, खोलीला पोटमीटर, आणि दर मालक सांगेल तो.

या दरात गोम आहे. समजा, मालकाला युनिट सातला पडतं आणि तो दहा रुपये लावतो. मग पंखा बदलून भाडेकरूचे २०० युनिट वाचले तर मालकाचे वर्षाला सहाशे रुपये बुडतात. पंख्याचा खर्च करून स्वतःची कमाई कमी करा, असं त्याला कोण आणि कसं सांगणार?

सरकार स्वतः मालक असेल तिथे ही अडचण नाही. परवडणाऱ्या भाड्याच्या घरांच्या २०२०च्या योजनेत सरकारी निधीतून बांधलेली सुरतेतली ३९३ रिकामी घरं भाड्यानं देण्यासाठी घेतली गेली. अशा प्रत्येक घरात पाच-तारा पंखा आणि छताला कप्पी-दोरीचा कपड्यांचा दांडा ही अट निविदेत घालायला एक ओळ पुरे. उघडणाऱ्या खिडकीचं तर प्रमाणही ठरलेलं आहे: ब्यूरोच्या २०१८च्या ‘इको निवास संहिते’त उघडता येणारा भाग चटईक्षेत्राच्या किमान किती टक्के हवा, हे हवामानानुसार दिलेलं आहे. एकच दार असलेल्या चाळीच्या खोलीला हा आकडा माहीत नाही, आणि कितीही कार्यक्षम पंखा तिथे तीच ओली हवा गोल फिरवत राहतो. 

खासगी खोल्यांसाठी वाट कायद्यातच आहे. वीज कायदा, २००३च्या कलम ४३नुसार जोडणी मागण्याचा हक्क मालकाइतकाच जागेच्या ताबेदाराला आहे. घरमालकानं ना हरकत दाखला दिला नाही म्हणून वीज नाकारता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं मे २०२२मध्ये महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणात स्पष्ट केलं. अडतं ते ताब्याच्या पुराव्यावर, कारण लिंबायत-डिंडोलीत लेखी भाडेकरार विरळा. पण भाडेकरूची पोलिसांकडे नोंद करणं घरमालकांना बंधनकारक आहे. शहरात वीज देणारी टोरेंट आणि भोवतालच्या भागाची दक्षिण गुजरात वीज कंपनी, या दोघींनी तोच कागद पुरावा म्हणून स्वीकारावा. मीटर भाडेकरूच्या नावावर आलं की पंख्याचा हप्ता कापायला बिलही मिळेल आणि दहाचा दर सातवर येईल. दरमहा सव्वाशे रुपयांचे चोवीस हप्ते, व्याज नाही. दोन पावसाळ्यांत पंखा त्याचा.